त्वचापारपत्र हरवल्याचा अर्ज

‘त्वचापारपत्र हरवू शकत नाही, कारण ते प्रवाशापासून वेगळे होऊच शकत नाही.’

सार्वदेशीय ओळख-मंडळाचे हे वाक्य रिगा विमानतळाच्या तळमजल्यावरील पडताळणी-कक्षात बारा भाषांत भिंतीवर कोरलेले होते. मराठीचा क्रमांक आठवा होता. समोरच्या बाकावर बसवून ठेवलेल्या ऋजुता उकिडवेला ते वाचण्यावाचून दुसरे काम नव्हते, आणि वाचलेले तपासल्यावाचून सोडणे तिच्या स्वभावात नव्हते. तीस वर्षे तिने बनावट ताम्रपट ओळखण्यात घालवली होती. चंद्रसूर्य असेपर्यंतची भाषा अस्सल दानपत्रही वापरते आणि बनावटही. पण अस्सल दानपत्र आधी ओढा, वारूळ, चिंचेचे झाड सांगून गावाची शीव आखते. बनावटाला शीव ठाऊक नसते, म्हणून ते थेट चंद्रसूर्यांकडे धाव घेते.

या वाक्यातही ओढा नव्हता. ‘हरवू शकत नाही’ हे निरीक्षण नव्हतेच. मंडळाच्या तीनशे चौदा अर्जनमुन्यांत पारपत्र हरवल्याचा अर्ज नव्हता. अर्ज नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून आजवर एकही पारपत्र हरवलेले नाही, हे मंडळ दरवर्षी अभिमानाने जाहीर करत होते. ‘कारण’ या शब्दाच्या पुढे जे होते, ते तर कारणही नव्हते. प्रवाशापासून वेगळी होऊ शकत नाही ती त्याची त्वचा. वाचनयंत्र त्वचा वाचत नव्हते; त्वचेवर वस्ती करून राहिलेल्या कोट्यवधी सूक्ष्मजीवांचा मेळ वाचत होते. त्या मेळाला जीवठसा असे भारदस्त नाव होते. भाडेकरूंच्या यादीवरून घरमालक ओळखण्याची ही विद्या. भाडेकरू बिऱ्हाड हलवतात, हे कोणत्याही घरमालकाने सांगितले असते. पण मंडळाने घरमालकांना विचारले नव्हते, शास्त्रज्ञांना विचारले होते.

त्या शास्त्रज्ञांची तेव्हाची प्रमुख, भिंतीवरच्या वाक्याची मूळ लेखिका डॉ. मृण्मयी सबनीस, काचेपलीकडे उभी राहून अधिकाऱ्यांशी हुज्जत घालत होती. छत्तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या वसतिगृहात ती ऋजुताची खोलीसोबतीण होती, आणि तेव्हापासून मैत्रीण. आणि यंत्राच्या मते, बाकावर बसलेली बाईच मृण्मयी सबनीस होती.

घडले ते अर्ध्या मिनिटात घडले होते. प्रस्थानद्वारावर मृण्मयी पुढे होती. तिने वाचनस्तंभावर तळहात टेकवला, हिरवा प्रकाश पडला, ती पलीकडे गेली. मागून ऋजुताने हात टेकवला. स्तंभ क्षणभर थबकला आणि तिच्या कानातल्या कर्णदुभाष्याने शुद्ध, पुस्तकी मराठीत सांगितले, “डॉ. मृण्मयी सबनीस, आपण यापूर्वीच देशाबाहेर गेलेल्या आहात. कृपया जागीच थांबावे.”

ऋजुता हसली होती. मृण्मयीही वळून हसली होती. “बघ, तुझं यंत्रसुद्धा मला तुझ्यापेक्षा हुशार समजतंय,” असे ऋजुता काचेतून ओरडली. मग दोन रक्षक आले. त्यांच्या हातांत जाड मोजे होते, आणि मोजे घातलेल्या माणसाने आपला दंड धरला की हसू कसे विरते, हे ऋजुताला प्रथमच कळले.

मृण्मयीने विमान सोडले आणि प्रवेशद्वाराने परत आली. तिच्यासाठी हिरवा प्रकाश पुन्हा पडला.

पडताळणी-अधिकारी इल्झे ओझोला साठीच्या आतबाहेरची, करड्या केसांची बाई होती. ती स्वतः वाचनतज्ज्ञ होती, त्यामुळे मृण्मयीचे नाव कळताच आधी उठून उभी राहिली आणि मग, आपण काय विचारणार आहोत ते आठवून, खाली बसली.

“गेल्या दोन महिन्यांत प्रतिजैविके घेतली होती का?” तिने ऋजुताला विचारले.

“घेतली. तुमच्याच शहरात. बनावट दस्तऐवजांच्या परिषदेसाठी आले, ही सोबत भटकायला आली. तिसऱ्या आठवड्यात पायाला विसर्प झाला, कातडीचा संसर्ग, गुडघ्यापर्यंत लाल. रुग्णालयात नऊ दिवस शिरेतून औषध आणि रोज त्या गुलाबी द्रावणाने अंघोळ.”

“निर्जंतुक स्नान,” ओझोला मृण्मयीकडे पाहत म्हणाली. “म्हणजे जमीन पूर्ण मोकळी झाली.”

“मोकळी झाली, तरी पुन्हा भरते,” मृण्मयी म्हणाली. “नाकात, केसांच्या मुळांत मूळचे जीव शिल्लक राहतात आणि ते महिन्याभरात परततात. आमच्या अहवालात आहे ते.”

“आहे. मी वाचलाय. पण मोकळ्या जमिनीवर त्यांच्याआधी दुसरं कोणी येऊन वसलं तर? आधी आलेल्याची वस्ती मोडत नाही, डॉक्टर. हे मला वाचनतज्ज्ञाच्या प्रशिक्षणात तुमच्याच व्याख्यानातून कळलं.” ओझोलाने ऋजुताकडे मोर्चा वळवला. “रुग्णालयातून सुटल्यावर तुमच्या अंगाला कोणाचा बराच वेळ स्पर्श झाला का?”

ऋजुता उत्तर द्यायला गेली आणि तिला वाक्याच्या मध्यावर सगळे समजले.

सुटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. द्रावणाने कातडी जुन्या कागदासारखी तडकली होती, खाज थांबत नव्हती. मृण्मयीने मध्यवर्ती बाजारातून, त्या प्रचंड कमानींच्या जुन्या हवाईजहाज-कोठारांतून, तिळाचे तेल शोधून आणले. उटण्याची पुडी तिच्या पिशवीत पुण्यापासूनच होती. रिगात त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो; त्यामुळे आरामात उठूनही सूर्योदयापूर्वीचे अभ्यंगस्नान साधले, याचे दोघींना कोण कौतुक! “बस पाटावर,” मृण्मयी म्हणाली होती. पाट नव्हता, उलटी ठेवलेली बादली होती. तासभर तिने तेल चोळले. पाठ, दंड, तळवे, प्रत्येक बोट. मग उटणे, तेही रगडून. उरलीसुरली जुनी वस्तीही त्यात निघून गेली असणार. इतके कोणी आईनंतर आपल्याला चोळले नव्हते, असे ऋजुताला तेव्हा वाटले होते आणि डोळ्यांत पाणी आले होते. उटणे गेले डोळ्यात, असे तिने सांगितले होते.

“झाला स्पर्श,” ती म्हणाली. “आमच्यात सण असतो.”

ओझोलाने ते लिहून घेतले नाही. “‘धार्मिक विधी’ असा रकाना आमच्याकडे नाही,” ती म्हणाली. कर्णदुभाष्याने वाक्य निर्विकारपणे पोचवले, त्यामुळे ती दिलगीर होती की नाही हे कळायला तिच्या चेहऱ्याकडे पाहावे लागले. ती दिलगीर होती.

“माझा चेहरा पाहा,” ऋजुता म्हणाली. “बोटांचे ठसे घ्या. पुण्याला विचारा.”

“चेहरे, आवाज आणि ठसे यंत्राला दोन मिनिटांत बनवता येऊ लागल्यापासून कायद्याने ते पुरावे राहिलेले नाहीत. जुने संग्रह नष्ट केले गेले.”

“मग मला काही विचारा. फक्त मलाच ठाऊक असेल असं काही. वलभीच्या कोणत्याही दानपत्राचं नाव घ्या.”

“त्यावरून तुम्हाला ते ठाऊक आहे एवढंच सिद्ध होईल. तुम्ही कोण आहात ते नाही.”

ऋजुताने आयुष्यभर विद्यार्थ्यांना नेमके हेच शिकवले होते. बनावट ताम्रपट रचणाऱ्याला राजाची वंशावळ राजापेक्षा जास्त पाठ असते.

नियम साधा होता. एकाच ओळखीवर दोन देह आढळले, की तिसऱ्या दिवशी दोघांचे तुलनात्मक वाचन होई. मूळ नोंदीशी जो देह अधिक जुळे तो खरा. दुसऱ्याची रवानगी अनोळखी-निवासात, समुद्रकाठच्या जुन्या बराकीत. ऋजुताने विचारले, तिथे किती दिवस?

“तिथे आज चारशे बारा जण आहेत,” ओझोला म्हणाली. “बाहेर पडण्यासाठी पारपत्र वाचले जावे लागते.”

“आणि आजवर बाहेर किती पडले?”

ओझोलाने भिंतीवरच्या वाक्याकडे पाहिले, उत्तरासाठी नव्हे, तर ऋजुताकडे पाहायचे टाळण्यासाठी.

पुढचे दोन दिवस मृण्मयीने वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काढले. ऋजुताच्या नाकातून, कानामागून, केसांच्या मुळांतून घेतलेल्या नमुन्यांत तिला मूळच्या ऋजुताचे चार जीव शोधायचे होते. ऋजुता मात्र पुरावा होती, आणि पुराव्याला पाणी लावायची मनाई होती. तिला साबण मिळाला नाही, अंघोळ मिळाली नाही, हात पुसायला कागदही नाही. ती आपले तळवे मांडीवर उताणे ठेवून बसे आणि त्यांच्याकडे पाही. रेषा त्याच होत्या. डाव्या अंगठ्यावर छिन्नीची जुनी खूण होती. या हातांवरचे कोणीही तिचे राहिले नव्हते, आणि तिला त्याचा काही पत्ताच लागला नव्हता; हे तिला बराकीपेक्षा अधिक भयंकर वाटू लागले. बराकीची कल्पना मात्र संध्याकाळ होताच परत येई. चारशे तेरावी. ती श्वास मोजू लागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयी पाव आणि चहा घेऊन खाली आली. तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता. बोटांच्या पेरांवर कातडी फुटून लाल झाली होती.

“सापडलं काही?”

“कानामागे थोडं. पुरेसं नाही. अजून चोवीस तास आहेत.”

“हातांना काही लाव. रक्त येतंय.”

“प्रयोगशाळेत तेल चालत नाही. प्रत्येक नमुन्याआधी हात धुवावे लागतात, पन्नास वेळा झालं असेल. चहा पी.”

ऋजुताने चहाला हात लावला नाही. “मृण्मयी, तू इतकी धडपड कशाला करतेस? वर जा आणि दोन शब्द बोल. ‘मी चुकले.’ त्या भिंतीवर लिहिलंय ते खोटं आहे, एवढंच.”

“तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते, ऋजू.”

“शब्द जड आहेत का? मी लिहून देते.”

“टोमणे मार. मार हवे तेवढे.” मृण्मयी समोर बसली. “ऐंशी कोटी माणसं या पारपत्रावर फिरतात. मी ते वाक्य बोलले की त्या क्षणी जो जिथे असेल तिथे अनोळखी होईल. विमानतळावर, बंदरावर, लहान मुलं घेऊन. दुसरी पद्धत उभी करायला दहा वर्षं लागतील. मी तुला मागच्या दाराने सोडवीन. पण पुढचं दार नाही पाडणार.”

“म्हणजे ऐंशी कोटींमागे एक ऋजुता. नरबळीचा दर फारच उतरला गं.”

“असं बोलू नकोस.”

“मग कसं बोलू? तूच सांग. मी बोलते ते तुझ्या नावावर जातंय.”

मृण्मयीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “हा अपवाद आहे. लाखात एखादा. चाचणीत चाळीस हजार माणसं होती, एकाचाही ठसा दुसऱ्याशी जुळला नव्हता.”

“एकाचाही नाही?”

“नाही.”

ऋजुताने हे उत्तर मनात बाजूला काढून ठेवले. चाळीस हजार माणसांत एकही शुश्रूषा करणारी बाई नव्हती, एकही तान्हे मूल नव्हते, एकही नवपरिणीत जोडपे नव्हते? इतकी सरळ, बिनओढ्याची शीव तिने अस्सल दानपत्रात कधी पाहिली नव्हती. पण वर जाऊन आपल्यासाठी हात सोलून घेणाऱ्या बाईला खोटारडी म्हणण्याइतके बळ तिच्यात त्या दुपारी नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तुलनात्मक वाचन झाले. मृण्मयीला शेवटपर्यंत पुरेसे जीव सापडले नव्हते. ती रडून आली होती, आणि आता सगळे संपले हे दोघींना ठाऊक होते. ओझोलाने दोन वाचनपेट्या टेबलावर ठेवल्या. दोघींनी हात ठेवले. मृण्मयीने मोकळ्या हाताने ऋजुताच्या खांद्याला धरले, आणि मोजे घातलेल्या रक्षकाने तो हात बाजूला केला.

यंत्राने पंचेचाळीस सेकंद घेतले.

“पहिली पेटी,” कर्णदुभाषा म्हणाला. ती ऋजुताची होती. “डॉ. मृण्मयी सबनीस यांच्या नोंदीशी जुळणी: सत्त्याण्णव टक्के.”

मृण्मयीने डोळे मिटले.

“दुसरी पेटी. डॉ. मृण्मयी सबनीस यांच्या नोंदीशी जुळणी: एकतीस टक्के. ही व्यक्ती अनोळखी आहे.”

मग ओझोलाने हात पुढे करून मृण्मयीचा तळहात उलटा केला. सोललेली पेरे, तडकलेली कातडी, दोन दिवसांचे स्पिरिट. शंभरदा धुतलेला हात. ज्या बाईने त्वचेवरच्या वस्तीचा जगात सर्वांत अधिक अभ्यास केला होता, तिला आपल्यालाही त्वचा आहे याचा दोन दिवस विसर पडला होता. तिची खरी वस्ती आता एकाच ठिकाणी धडधाकट उरली होती: ज्या देहाला साबण लावायची बंदी होती, त्या देहावर.

“पुन्हा वाचा,” मृण्मयी म्हणाली. “तळहात नको, दंडावरून वाचा.”

“कायद्यात तळहात लिहिलेला आहे,” ओझोला हळूच म्हणाली. “कलम तुम्हीच लिहिलंय, डॉक्टर.” आणि मग, ती कोणाला डॉक्टर म्हणत आहे हे लक्षात येऊन, ती ऋजुताकडे वळली. “डॉ. सबनीस, आपण मुक्त आहात. पुण्याकडे जाणारे विमान चार वाजून वीस मिनिटांनी आहे.”

ऋजुता उठून उभी राहिली. पाय आपोआप उठले. दाराबाहेर ऊन होते, बाल्टिकचे पांढरे, कोवळे ऊन, आणि त्यात उभे राहायला कोणाची परवानगी लागणार नव्हती. घरी गेल्यावर काय ते पाहता आले असते. मृण्मयी शेजारी रक्षकाच्या मोज्यांकडे पाहत होती; अगदी तसेच, जसे तीन दिवसांपूर्वी ऋजुताने पाहिले होते. चारशे तेरावी. ऋजुताने खुर्ची मागे ओढली आणि ती परत बसली.

“मी सांगते,” मृण्मयी एकदम म्हणाली. “सगळं सांगते. नोंदवून घ्या.”

“अनोळखी व्यक्तीचे निवेदन नोंदवण्याची तरतूद नाही.” ओझोला थांबली. तिने वाचनपेटी टेबलावरून सावकाश ऋजुतासमोर सरकवली. “ओळख पटलेल्या व्यक्तीला मात्र निवेदनाचा हक्क आहे. हात पेटीवर असेपर्यंत बोललेला प्रत्येक शब्द तिच्या नावे प्रमाणित होतो आणि त्याच क्षणी मंडळाच्या सर्व देशांत प्रसिद्ध होतो. हेही कलम डॉ. सबनीस यांचंच.”

“पण मी बोललेलं खरं ठरलं,” ऋजुता म्हणाली, “तर हा हात तिचा नाही, म्हणजे निवेदनच रद्द.”

“आणि खोटं ठरलं, तर मंडळाने प्रमाणित केलेला हात खोटं बोलला असं मंडळाला म्हणावं लागेल. आम्ही नियम पाळतो, बाई. त्यांनी काय ते निवडावं.”

“आणि ती ऐंशी कोटी?” ऋजुताने मृण्मयीला विचारले. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता.

“ते आजही माझ्याइतकेच सुरक्षित आहेत,” मृण्मयी म्हणाली. “हात ठेव, ऋजू. मी म्हणते तसं म्हण. एकही शब्द बदलू नकोस. तुला बदलावासा वाटेल.”

ऋजुताने हात ठेवला. हिरवा प्रकाश पडला. मृण्मयी एकेक वाक्य सांगत गेली आणि ऋजुता तिच्यामागून ते स्पष्ट, सपाट आवाजात म्हणत गेली. शेवटच्या दोन वाक्यांपाशी ती थांबली. ओझोला थांबली, यंत्र थांबले, आणि मग ऋजुताने तीही म्हटली. प्रसिद्ध झालेले निवेदन शब्दशः असे:

“मी, डॉ. मृण्मयी सबनीस, सार्वदेशीय ओळख-मंडळाची माजी प्रमुख शास्त्रज्ञ, कोणत्याही दबावाविना सांगते. त्वचापारपत्राच्या चाचणीत चाळीस हजार नव्हे, चाळीस हजार एकशे बारा माणसे होती. एकशे बारा नमुने मी ‘दूषित’ असा शेरा मारून काढून टाकले. ते दूषित नव्हते. ते एका भाजलेल्यांच्या वॉर्डातील रुग्णांचे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे होते. नवी कातडी धरत असताना ज्याला जिचा हात लागला, त्याचा ठसा तिच्यासारखा झाला होता. हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. मी पुन्हा मोजले, पुन्हा तेच आले, म्हणून मी मोजणे थांबवले. अनोळखी-निवासांतून मला आजवर सत्तेचाळीस पत्रे आली. एकाचेही उत्तर मी दिले नाही. नरकचतुर्दशीच्या सकाळी, नुकत्याच रुग्णालयातून आलेल्या माझ्या मैत्रिणीच्या पाठीवर तेलाचा हात ठेवला, तेव्हा आपण काय करत आहोत हे मला ठाऊक होते. मी हात मागे घेतला असता. पण मग तिने ‘का’ असे विचारले असते.”